फिल्मच्या आत उगवणारा प्लॅटिनमचा थर
एक मत असे मांडले जाते की रासायनिक क्षपणाने, म्हणजे द्रावणातल्या धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन, बसवलेला धातू हा केवळ पृष्ठभागावरचा लेप असतो आणि म्हणून तो लवकर सुटतो. आरशामागच्या चांदीबाबत हे पटण्यासारखे आहे, परंतु नॅफिऑन या पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या, लांब साखळ्यांच्या पदार्थाच्या) बाबतीत चित्र वेगळे दिसते.

नॅफिऑन ११७ ही सुमारे १८३ मायक्रोमीटर जाडीची फिल्म असून तिच्या साखळ्यांना सल्फोनेटचे ऋणभारित गट घट्ट जोडलेले असतात. आधी फिल्म पॉलिश पेपरने खरखरीत करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात. नंतर ती प्लॅटिनमच्या अमोनिया जोडलेल्या क्षाराच्या द्रावणात रात्रभर ठेवली, की प्लॅटिनमचे धन आयन (धनभारित कण) थेट आतपर्यंत शिरतात. खरी गंमत पुढे आहे. सोडियम बोरोहायड्राइडमधला क्षपण करणारा आयन ऋणभारित असल्यामुळे सल्फोनेट गट त्याला आत येऊ देत नाहीत. परिणामी आतला प्लॅटिनम बाहेरच्या दिशेने सरकतो आणि दोघांची गाठ पृष्ठभागाच्या लगत, पण फिल्मच्या आतच पडते. तेथे धातूचे बारीक कण पॉलिमरमध्ये रुतून बसतात, म्हणूनच तो थर पापुद्र्यासारखा सोलला जात नाही.

क्षपणक, म्हणजे बोरोहायड्राइड, एकदम ओतू नये, ४० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान वाढवत थोडा थोडा घालावा. पारदर्शक फिल्म आधी काळसर होते, मग तिला धातूची करडी झाक येते. या वेळी निघणारे बुडबुडे ज्वलनशील हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम बंद खोलीत करू नये.