मदत हवी आहे: ब्रोकरेजमधला वाटा दुसऱ्याला दिला, तर ग्रॉस रिसीट (एकूण जमा) किती दाखवायची?

वाकडचा_एजंट:
पुण्यात चॅनल पार्टनरचं, म्हणजे बिल्डरांचे फ्लॅट विकून देणाऱ्या दलालाचं काम करतो. २६एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या टीडीएसचं आयकर खात्याचं पत्रक) बिल्डरांकडून आलेलं ब्रोकरेज २६ लाख दिसतंय. त्यातले ९ लाख दुसऱ्या ब्रोकरला दिले, गिऱ्हाइकं त्यानेच आणली होती. मग माझे १७च ना? रिटर्नमध्ये १७ टाकू की २६? सीए फोन उचलत नाही. तारीख जवळ आलीय, लवकर सांगा.

सातारकर:
४४एडी (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफ्यावर कर भरायचं कलम) लावा आणि मोकळे व्हा. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची कटकट नाही. माझ्या हार्डवेअरच्या दुकानाचं रिटर्न असंच जातं.

जमाखर्च:
दुकानाला चालतं, दलालीला नाही. कमिशन किंवा ब्रोकरेज कमावणाऱ्याला ४४एडीतून स्पष्ट वगळलंय. ४४एडीए (डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांसाठीचं तसंच कलम) याच्या यादीतही इस्टेट एजंट नाही. आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरा, हिशेब ठेवा.
धागाकर्ते, वर्ष कुठलं? बिल कोणाच्या नावाने गेलं? जीएसटी नंबर आहे?

सातारकर:
माझ्या ओळखीचे दोन एजंट ४४एडीतच भरतात, कोणी विचारलं नाही.

जमाखर्च:
विचारलं नाही म्हणजे बरोबर आहे असं होत नाही.

वाकडचा_एजंट:
भांडू नका हो. वर्ष २०२४-२५. बिलं सगळी माझ्याच नावाने. १७ लाख म्हणजे २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नंबर घेतला नाही.

जमाखर्च:
खरी अडचण तीच आहे. बिल तुमचं, तर उलाढाल पूर्ण २६ लाखांची. २६ रिसीटमध्ये, ९ खर्चात. आयकर १७मधून बाकीचे खर्च वजा करूनच लागेल. नुसते १७ टाकले तर २६एएसशी जुळणार नाही आणि नोटीस येईल. पण जीएसटीची २० लाखांची मर्यादा खर्च वजा न करता मोजतात. २० कधी ओलांडले?

वाकडचा_एजंट:
जानेवारीत ओलांडले. एका फ्लॅटचं भाडंही येतं, तेही धरायचं का?

मीनल_ठाणे:
फ्लॅट कोणाच्या नावावर? राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसला तरी ते तुमच्या पॅनवर असेल तर उलाढालीत मोजतात.
आणि ९ लाख देताना १९४एच (दलालीवरच्या टीडीएसचं कलम) खाली टीडीएस कापला का? ऑक्टोबर २०२४पासून ५ऐवजी २ टक्के झालाय.

जमाखर्च:
मीनलताई, आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर नसेल तर व्यक्तीला टीडीएस कापावा लागत नाही. त्या दुसऱ्या ब्रोकरचं बिल आणि बँकेची एंट्री मात्र हवीच.

वाकडचा_एजंट:
फ्लॅट बायकोच्या नावावर. ९ लाख बँकेतूनच दिले, पण त्याने बिल दिलेलं नाही.

जमाखर्च:
मग भाडं तुमच्या उलाढालीत येत नाही. बिल आजच मागा. मर्यादा ओलांडल्यावर ३० दिवसांत नोंदणी करायची होती, ती आता लगेच करा. मर्यादा ओलांडल्यानंतरच्या बिलांवर १८ टक्के जीएसटी आणि व्याज भरावं लागेल.

कोथरूडकर:
बिल्डर ते १८ टक्के सहज देणार नाही. एप्रिल २०१९पासून चालू बांधकामाच्या फ्लॅटवर ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, त्यामुळे तुमचा जीएसटी त्याच्या खिशातून जातो. पुढचं ब्रोकरेज ठरवतानाच "अधिक जीएसटी" लिहून घ्या. अवांतर: महारेरा नंबर आहे ना? एजंटांना परीक्षाही पास व्हावी लागते.

वाकडचा_एजंट:
महारेरा आहे. आधी त्या ब्रोकरकडून बिल घेतो. जानेवारीनंतरची दोन बिलं एकाच बिल्डरची आहेत, त्याच्याकडे जीएसटी आता मागता येईल का?