निपाणी कागलच्या पगारावर किती दिवस जगणार?

वेदगंगाकाठ
सकाळी निपाणी बसस्टँडकडे गेलात तर डबे घेतलेली पोरं-पोरी कंपनीच्या गाडीची वाट बघताना दिसतील. गाडी कर्नाटकातलं निपाणी सोडून, सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत जाते. आज आपल्या बाजारपेठेत फिरणारा बराचसा पैसा हा पगाराचा आणि उसाचा. ज्या बिडीच्या तंबाखूच्या भावासाठी 1981 साली शेतकऱ्यांनी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर हायवेवर ठाण मांडलं आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्या तंबाखूच्या रानात आता ऊस आणि सोयाबीन आहे. तंबाखूच्या वखारी पाडून फ्लॅट झाले.

लोकसंख्या बघा. 2001 च्या जनगणनेत 58 हजार, 2011 मध्ये 62 हजारांच्या पुढे. दहा वर्षांत जेमतेम 8 टक्के वाढ, तेव्हा कर्नाटकाची वाढ 15 टक्क्यांच्या वर होती. शिकलेली मुलं पुण्याला जातात आणि तिथलीच होतात. माझं स्पष्ट मत: ज्या शहराची कमाई दुसऱ्या राज्यात होते, ते शहर स्वतःच्या पायावर उभं नाही. इथे, नगरपालिकेच्या हद्दीला लागून, औद्योगिक वसाहत झालीच पाहिजे.

वखारीचा नातू
लोकसंख्येचा हिशोब अर्धाच मांडलात. नगरपालिकेच्या हद्दीत जागाच उरली नाही, घरं यमगर्णी, अक्कोळच्या बाजूला वाढली. ती माणसं निपाणीतच बाजार करतात, पण मोजली जातात गावात.

आणि तंबाखू आपोआप गेला असं लिहू नका. 2016 ला पाकिटावर 85 टक्के धोक्याचं चित्र आलं, 2017 ला बिडीवर 28 टक्के जीएसटी, तेंदूपानावर 18 टक्के. छोटा कारखानदार त्यात बसला तो उठलाच नाही. 2025 मध्ये कर खाली आणायचं ठरलं, तोवर कितीतरी शटर कायमची पडली होती. बिडीचा पैसा गल्लीगल्लीत, बायकांच्या हातात जायचा. कंपनी घेते वीस-पंचविशीतली पोरं. पन्नाशीच्या बाईला कागलात कोण कामावर घेणार?

पत्तीवालीची लेक
दादा, बायकांच्या हातात काय जायचं ते मी घरात बघितलंय. आई रात्री पत्ती, म्हणजे तेंदूपान, भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, मग दिवसभर मांडीवर सूप. हजार बिड्या वळून कारखान्यात नेल्या की तिथला माणूस मूठ उचलून बाजूला टाकायचा, "छाट". छाटलेल्या बिडीचा पैसा नाही आणि बिडीही परत नाही! पत्ती कमी भरली तर ती पदरच्या पैशाने आणायची. 1966 चा विडी कामगारांचा कायदा होता, आईचं कार्डही होतं, पण घरातल्या तिघी वळायच्या आणि कार्ड एकटीचं. आज तिला पाठीने धड बसवत नाही.

मी कागलला शिलाईच्या युनिटमध्ये आहे. महिन्याच्या महिन्याला पगार खात्यावर येतो, पीएफ माझ्या नावाचा कापला जातो. नाका ओलांडावा लागतो म्हणून हा पैसा कमी दर्जाचा कसा?

सीमाभाग ८६५
मूळ दुखणं सीमेचं आहे. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगानेसुद्धा निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला इथल्या सरकारी नोकरीत कन्नड आडवं येतं. मग तो पुण्याला जाणार नाही तर काय? 2004 पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाली निघाल्याशिवाय वसाहत मागून काही होणार नाही.

वेदगंगाकाठ
निकालाची वाट बघत एक पिढी पन्नाशीला आली, दुसरीने किती बघायची? शेजारचं लखनापूर काय नि पुणे काय, पोराला काम आज लागतं.

ताई, तुमचा पगार कमी दर्जाचा असं मी म्हणणार नाही, आईंचे हाल तर नाकारूच शकत नाही. प्रश्न तो पगार चालू राहण्याचा आहे. 2021 मध्ये कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागायला लागले तेव्हा रोज ये-जा करणाऱ्यांचं काय झालं? डिसेंबर 2022 मध्ये सीमावाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबल्या. दोन सरकारं भांडली की चूल आपली विझते.

कागल सेकंड शिफ्ट
भाऊ, वसाहत मागा, सही मीही करेन. पण कारखानदार निपाणीत का येईल? कोल्हापूरची फाउंड्री, कागलचे सुटे भाग, तिथले जॉबवर्कवाले, सगळी साखळी पलीकडे बांधलेली आहे. बेळगाव-हुबळी सोडून कर्नाटक सरकार टोकाच्या तालुक्याला मोठा कारखाना देईल हे मला पटत नाही. सीमेच्या अलीकडे आपल्या वाट्याला काय आलं? स्वस्त डिझेलचे पंप आणि ढाबे.

पत्तीवालीची लेक
मग आधी रात्रीची बस मागूया की. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कागलवरून निपाणीला यायला बाईला खात्रीचं वाहन नाही, म्हणून माझ्या ओळखीतल्या दोघींनी काम सोडलं. त्यातली एक परत सूप घेऊन बसली आहे.