पाणी माणशी वाटलं तेव्हा

'गरीब देशांना धान्य दिलं की लोकसंख्या वाढते आणि सगळ्यांचंच संपतं, म्हणून मदत थांबवा' हे काही जणांचं मत मला अजिबात पटत नाही. सामायिक गोष्ट संपते ती वाटपाला नियम नसतो म्हणून. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनांनाही हक्क, उसाला मनाई. शिवाय कुटुंब कितीही मोठं असलं तरी कमाल अडीच एकर, म्हणजे मुलं जास्त म्हणून पाणी जास्त, असं नाही. (मला हीच अट सगळ्यात शहाणपणाची वाटते.) आणि जन्मदराचीच काळजी असेल तर केरळ बघा: मुली शिकल्या, बालमृत्यू घटले, कुटुंबं आपोआप लहान झाली.