खानावळीत एकटी जेवणारी माणसं: सामाईक टेबल चालवायचं तर कसं?

चुलीपाशी:

तालुक्याचं गाव, एसटी स्टँडसमोरची खानावळ, उपजिल्हा रुग्णालय चालत पाच मिनिटांवर. महिन्याचे मेंबर ३८, वर रोजची १५-२० सुटी ताटं. ताट १०० रुपये, अनलिमिटेड. चार-चार खुर्च्यांची नऊ टेबलं आणि सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. रविवारी संध्याकाळी बंद.

मेंबरांत एकटी पडलेली माणसं बरीच आहेत. कुणाची बायको गेलेली, कुणी नवऱ्याला सोडून बदली घेऊन आलेली, कुणी व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला, कुणी एमपीएससीचे प्रयत्न संपवून घरी तोंड दाखवायला नको म्हणून इथेच राहिलेला. पेशंटचे नातेवाईक वेगळेच. सगळे मान खाली घालून जेवतात आणि हात धुऊन निघून जातात. ज्यांना हवं त्यांना एकत्र बसता येईल असं एक टेबल करायचा विचार आहे. टेबल कसं असावं, धंद्याला खड्डा पडेल का, आणि कुणी जेवता जेवता रडायला लागलं किंवा पिऊन आलं तर काय करायचं? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा चालताना पाहिलंय त्यांनी सांगावं.

वाढपी_नंबर_१:

आधी टेप घेऊन मापं काढा. ताट १२ इंची धरलं तर समोरासमोरची दोन ताटं २४ इंच खातात. बाजारात मिळणारं टेबल ३० इंच रुंद असतं, म्हणजे मध्ये ६ इंच उरतात आणि त्यात मिठाचं तबकसुद्धा धड मावत नाही. ३६ इंच रुंदी घ्या. मधल्या फूटभर पट्ट्यात वरणाचं पातेलं, भाताचा डबा, ताकाचा जग आणि चटणी बसते. लांबी ६ फूट, दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसं. आठ फुटी केलंत तर दोन टोकांचे दोन गट पडतात आणि मधला माणूस दोन्हीकडून तुटतो.

मधली भांडी महत्त्वाची आहेत, कारण खानावळीत सगळं वाढपीच वाढतो. शेजाऱ्याशी बोलायची गरजच पडत नाही. वरण मध्ये ठेवलं की "जरा इकडे सरकवता का?" एवढं तरी म्हणावंच लागतं. सुरुवातीला तेवढंच पुरे. पोळ्या मात्र तव्यावरून गरम, वाढप्याच्याच हातून. त्या डब्यात झाकून ठेवल्या की चिवट होतात आणि लोक आपल्या जुन्या टेबलावर परत जातात.

उष्ट्याचा प्रश्न येणारच. पळ्या लांब दांड्याच्या, भांड्यांवर झाकणं, आणि डाव्या हाताने वाढून घ्यायचं हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. वरणाचं पातेलं लहान ठेवा, दोन लिटरचं, म्हणजे दोनदा बदललं जातं आणि निवत नाही.

बाक नको, खुर्च्याच. बाकावर मधल्याला उठायचं तर कडेचा उठवावा लागतो. ज्याला एकाएकी भरून येतं त्याला कुणालाही न उठवता बाहेर पडता आलं पाहिजे. टीव्ही त्या वेळेपुरता बंद करू नका, लोक बिचकतात. आवाज कमी करा आणि टेबल टीव्हीला पाठ होईल असं लावा.

कणीक_मोजून:

धंद्याचं गणित सांगतो. गर्दीची वेळ ८ ते ९:३०. साधा गिऱ्हाईक २०-२२ मिनिटांत उठतो, म्हणजे दीड तासात एका खुर्चीवर चार ताटं. गप्पा मारत बसणारा ४५ मिनिटं घेतो, म्हणजे दोनच. सहा खुर्च्यांवर १२ ताटं गेली, १२०० रुपये. पण हे नुकसान दारात लोक उभे असतील तेव्हाचं. म्हणून सामाईक टेबल ७ ते ८ ठेवा. त्या वेळी तुमच्या खुर्च्या नाहीतरी रिकाम्याच असतात आणि मेंबरांचे पैसे महिन्याचे आहेत.

सातला ताट लावायचं तर पोळ्यांची बाई साडेसहाला तव्यापाशी हवी. सहा माणसांसाठी १८-२० पोळ्या. एक किलो कणकेच्या साधारण ३० होतात, म्हणजे ६५० ग्रॅम कणीक. तांदूळ माणशी ८० ग्रॅम, तूरडाळ ३५, भाजी कच्ची १२०. रेंगाळणारा माणूस पोळी जास्त खात नाही, भात आणि ताक वाढवतो, तर तांदूळ १०० धरा. खर्च वाढतो तो एवढाच.

पेशंटच्या नातेवाइकांसाठी आगाऊ ताटाची कुपनं ठेवता येतील. इटलीत नेपल्सला कॉफीची अशी रीत जुनी आहे: आपल्या एका कॉफीसोबत अनोळखी माणसासाठी आणखी एकीचे पैसे भरून जायचं. आपल्याकडे हे फसतं ते फलकामुळे. "आजचे अन्नदाते अमुक अमुक" असं लिहिलं की घेणारा दारातूनच मागे फिरतो. कुपन नेहमीच्याच रंगाचं, नेहमीच्याच शिक्क्याचं. गल्ल्यापाशी डबी ठेवा, ज्याला हवं त्याने उचलावं आणि वाढप्याला द्यावं. वाढप्याला दोन्हींतला फरक कळताच कामा नये. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं. उधारीवर कुपन काढू नका, नाहीतर महिनाअखेर किराणेवाल्याला तुम्हीच तोंड द्याल.

नातेवाइकांचं आणखी एक: डॉक्टरांचा राउंड झाल्याशिवाय ते हलत नाहीत, म्हणजे साडेनऊनंतरच येणार. त्यांना सातच्या टेबलाचा आग्रह धरू नका. पेशंटसाठी मऊ भात आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण डब्यात भरून मिळालं तर त्यांना टेबलापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

लालबाग_परळ:

थोडं थंड पाणी ओततो. गिरणगावातल्या खानावळींचं उदाहरण सगळे देतात, की बघा, तिथे कामगारांचं कुटुंबच व्हायचं. पण तिथे एका बाईकडे जेवणारे बहुतेक एकाच गावचे नाहीतर एकाच तालुक्याचे असत. ओळख आधीची, जेवण नंतरचं. आणि त्या बायका पगार होईपर्यंत महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या, स्वतः सावकाराच्या व्याजात बुडायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते यासाठीच. ज्या खानावळीचा हिशेब फाटका असतो तिथे माया फार दिवस टिकत नाही.

तुमच्याकडे अनोळखी माणसं आहेत, तेव्हा पहिला प्रश्न "कुठले तुम्ही?" आणि दुसरा "आडनाव काय?" हाच येणार. दुसऱ्या प्रश्नात जात विचारलेली असते आणि सामाईक पातेल्यापाशी ती लगेच आडवी येते. कुपनावर आणि मेंबराच्या कार्डावर फक्त पहिलं नाव आणि नंबर टाका. हाक पहिल्या नावानेच, नाहीतर नुसतं अण्णा, ताई, दादा, काका. कुणी त्या पातेल्यातलं नको म्हटलं तर त्याला मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर ताट द्या. त्याच्यासाठी वेगळी वाटी मात्र या टेबलावर येऊ देऊ नका. एकदा आली की ती रोज येते.

मधली_सुट्टी:

समुपदेशनाचं काम करते, त्या बाजूने लिहिते.

ताई, पहिली गोष्ट: प्रश्नात तुम्ही प्रत्येकाचं दुःख एका ओळीत मांडलंत. टेबलावर ते येता कामा नये. "हे आमचे अमुक, नुकतेच व्यसनातून बाहेर आलेत" अशी ओळख करून दिलीत की तो माणूस दुसऱ्या दिवशी पार्सल मागेल. वाढप्यांनाही हे बजावा. माणसाने स्वतः सांगितलं तर ऐकायचं, तेही दुसऱ्या मेंबरला सांगायचं नाही.

टेबलावर एक लहान पाटी पुरते: "इथे बसलात तर शेजारी बोलेल. नको असेल तर बाकी टेबलं आहेत." ब्रिटनमधल्या काही कॅफेंत गप्पांचं टेबल असंच पाटी लावून ठेवतात. पाटीमुळे निवड माणसाची राहते. दुखावलेल्या माणसाला कुणी हाताला धरून बसवलेलं सोसत नाही.

कुणी रडलं तर गर्दी करू नका. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, ताट उचलू नका, वाढप्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवा. थोड्या वेळाने एकच माणूस जाऊन विचारेल, "बसू का?" सल्ला नको. "सगळं ठीक होईल" तर अजिबात नको.

कुणी जगण्यात राम नाही, सगळं संपवावंसं वाटतं असं बोललं, तर सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होय म्हटलं तर एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोन लावून त्यांच्या हातात द्या. काही घेतल्याचा संशय असेल तर मीठपाणी पाजून ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका. बाटली किंवा पुडी सोबत घेऊन थेट दवाखाना. तुमच्यापासून तर पाच मिनिटांवर आहे.

पिऊन आलेल्याला या टेबलावर ताट नाही, पार्सल द्या, भांडण नको, प्रवचनही नको. दुसऱ्या दिवशी शुद्धीत आला तर काहीच न घडल्यासारखं वाढा. व्यसन सोडलेल्यांना भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींपासून जपायला सांगतात. संध्याकाळी सातची वेळ म्हणजे चारही एकत्र, त्यामुळे सातचं जेवण त्यांच्या खरंच कामी येतं. दुपारी ४ ते ६ हॉल रिकामा असेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना साथ देणाऱ्यांच्या, गटाला सभेसाठी द्या. ते स्वतःच्या वर्गणीवर चालतात, फुकट जागा घ्यायला नाही म्हणतील. नाममात्र भाडं घ्या आणि त्या वेळेत गल्ल्यावर कुणी बसू नका.

चुलीपाशी:

आडनावाचं आणि ओळख करून देण्याचं पटलं. दोन गोष्टी राहिल्या. बायका आत जेवायला बसतच नाहीत, डबा घेऊन जातात. आणि कुणी न सांगता येणं बंद केलं तर चौकशी करावी की नाही?

वाढपी_नंबर_१:

बायकांसाठी पडदा लावून फॅमिली रूम करू नका, तिथे एकटी बाई आणखीनच एकटी. सामाईक टेबल मुदपाकाच्या दाराजवळ लावा, जिथून पोळ्या लाटणाऱ्या मावशी दिसतात. दोन खुर्च्यांची पाठ भिंतीला हवी, म्हणजे मागून कुणी जात नाही. हात धुवायला पुरुषांच्या रांगेतून जावं लागत असेल तर दुसरं बेसिन काढा. संडासाला आतून नीट लागणारी कडी आणि आत दिवा. निम्म्या बायका डबा नेतात त्या या दोन गोष्टींपायी. आधी दोघींना एकत्र विचारा, एकीला नाही.

कणीक_मोजून:

चौकशीसाठी खाड्याची वही आहेच की. कार्ड काढतानाच विचारून ठेवा: "न सांगता सलग दोन वेळा आला नाहीत तर फोन करू का?" होय किंवा नाही, आणि कुणाच्या नंबरावर. नाही म्हणणाऱ्याला कधीच करायचा नाही. फोनवरही "तब्येत बरी आहे ना, खाडा धरू का?" एवढंच. खाड्याचं निमित्त असलं की पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही.

आता तुमची रविवार संध्याकाळ. सगळ्या खानावळी नेमक्या तेव्हाच बंद असतात, आणि एकट्या माणसाला आठवड्यातली तीच वेळ सर्वांत जड जाते. दिवाळीचे चार दिवस तर विचारूच नका. आचाऱ्याला सुट्टी हवीच, ती द्या. मेंबरांपैकी दोघांकडे पाळी, तुमच्याकडची शेगडी आणि भांडी, माणशी ३० रुपये वर्गणी. दहा जणांना पिठल्यासाठी अर्धा किलो बेसन आणि अडीच लिटर पाणी, किंवा खिचडीसाठी ७०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मूगडाळ आणि चार लिटर पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायला सांगा, थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि मग पाळीवाल्यांत खापरफोड. भांडी घासायची पाळी वेगळी लावा, स्वयंपाक करणाऱ्यावर टाकू नका. ही पद्धत मोडते ती बहुतेक वेळा मोरीपाशी. सिलिंडरचा नॉब बंद केल्याची सही वहीत घ्या, आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.