मदत हवी आहे: वनस्पतींच्या उत्क्रांतीवर संशोधन करण्याविषयी

नमस्कार. माझी कन्या रत्नागिरीत वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. पावसाळ्यात पाणथळ आणि उन्हाळ्यात रखरखीत होणाऱ्या जांभ्याच्या सड्यांवर, कंदाच्या आधारे जमिनीखाली तग धरून पहिल्या पावसात पांढऱ्या फुलांनी डवरणारी दिपकाडी ही वनस्पती तिला विलक्षण भावली आहे. (जून लागला की ती घरात सापडत नाही!) दिपकाडीच्या निरनिराळ्या जाती कशा वेगळ्या झाल्या, यावर तिला पीएच.डी. करायची आहे. त्यासाठी आधी वर्गीकरणशास्त्राचा पाया कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पक्का करावा, की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी थेट डीएनए-आधारित अभ्यासाकडे वळावे? पुढे नोकरीच्या दृष्टीने कोणते कौशल्य अधिक उपयोगी पडते, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.