खो-खो निवड चाचणीची बातमी आधी छापून येण्यासाठी काय करावं?

मदत हवी आहे. केज तालुक्यात १४ वर्षांखालील मुलींची खो-खो निवड चाचणी घ्यायची आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या बीड जिल्ह्याची. पेपरात कौतुक वाचून पालक खूश होतात, पण पोरगी मैदानावर यायला वार, वेळ आणि मैदान छापलेलं लागतं.

दोनदा प्रेसनोट दिली. पहिली ३०० शब्दांची. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात. वेळ आणि मैदान शेवटच्या परिच्छेदात होतं, नेमकं तेच गेलं. उरली पाहुण्यांची नावं! दुसऱ्यांदा ८० शब्द, वेळ पहिल्याच ओळीत. पण टाईप मजकुराऐवजी लेटरहेडचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला, तो छापलाच नाही.

जाहिरातीला पैसे नाहीत. शाळांना पत्रं दिली आहेत, पण वाड्या-तांड्यावरच्या पालकांपर्यंत हॉटेलातला पेपरच पोचतो. चाचणी रविवारी सकाळी ७ वाजता.

तर मजकूर नेमका किती दिवस आधी द्यावा, आणि तालुका वार्ताहराकडे की थेट जिल्हा कार्यालयात?