नोकरी करत सर्टिफिकेट कोर्स करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, घर खानापूर साइडला. डिग्री मराठीच्या हट्टानं कोल्हापुरातनं शिवाजी विद्यापीठातनं केली, आता कामाबरोबर सहा महिन्यांचा पीजी सर्टिफिकेट कोर्स करावा म्हणतोय. पण आपल्या सीमाभागातल्या लोकांचं त्रांगडं वेगळंच असतंय बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमात राज्य विद्यापीठानं दूरशिक्षण आपल्या हद्दीतच द्यायचं असं आहे, म्हणजे पत्ता बेळगाव जिल्ह्याचा असला की कोल्हापूरचं डिस्टन्स अवघडच, पण ऑनलाइनला हद्द नाही म्हणे. सर्टिफिकेटला पण हाच नियम लागतो का, की विद्यापीठ स्वतः ठरवतंय? कुणी निपाणी, चिकोडीकडनं अ‍ॅडमिशन घेतलं असेल तर नक्की सांगा.

दुसरं, याचे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक) पुढं डिप्लोमात धरतात काय? एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरला जातोय, शिफ्ट करून एवढं केल्यावर ते वाया जाऊ नये एवढंच वाटतं. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवायचं सरकारी ऑनलाइन खातं) सर्टिफिकेटचे क्रेडिट जमा झालेत का कुणाचे? इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं) पण बघितलंय, तिथं वेळ जास्त मिळतो, पण मला शनिवार रविवारी समोरासमोर शिकवणारं पाहिजे, कारण नाइट शिफ्टनंतर व्हिडिओ बघत बसलं की डोक्यात काही शिरत नाही.

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) नोकरदारांसाठी हजेरीत सवलत मिळालेली कुणी असेल तर प्लीज कॉमेंट करा. फी हप्त्यानं भरता येते का तेपण सांगा.